नाव, गाव, मोठ्यानं

वणी, १९ नोव्हेंबर २०२४

संघर्ष,
सप्रेम जय भीम.

तुझा फोन कुणालाच लागत नाही, की फक्त मला लागत नाही, हे कळायला मार्ग नाही. जगदलपूरच्या तुमच्या संस्थेत फोन उचलणारा माणूस दर वेळी एकच वाक्य म्हणतो, "दादा फील्ड में हैं, चिट्ठी भेज दीजिए." म्हणून चिठ्ठी. आईचं पत्र म्हणून वाचवत नसेल तर वाचू नकोस. पोज्जेच्या लेकीसाठी वाच.

उंगीला पोलीस घेऊन गेले.

आपल्या हॉटेलच्या मागच्या दाराने ती निसटली आणि ट्रक उभे राहतात त्या बाजूला गेली. मी तेव्हा नागपूरच्या पाहुण्यांना हॉटेल दाखवत होते. चार वर्षांचं लेकरू, कोळशाच्या धुळीने माखलेलं, कुणाचं काय कुणाला कळेना. एका क्लीनरने पोलिसांना फोन केला. त्याला मी दोष देत नाही, त्या जागी माणसाने तेच करायला हवं. ठाण्यातला शिपाई शाम आपल्याकडे झुणका-भाकर खायला येतो, तो म्हणाला, "ताई, पोट्टी काय बोलून राह्यली, मले एक अक्षर समजलं नाही. मले वाटलं तेलंगी असंन कोणाची." आम्ही शोधत शोधत ठाण्यात पोचलो तोवर गाडी यवतमाळला निघून गेली होती. उंगी आता तिथल्या बालगृहात आहे आणि पोज्जे तिची आई आहे हे पोज्जेला सिद्ध करायचं आहे.

कशाने करणार? जन्मदाखला नाही. उंगी गोदावरीच्या पलीकडे जंगलातल्या झोपडीत जन्मली, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती झोपडीही कुणी उभी ठेवली नाही. आधार नाही, रेशनकार्ड नाही. अंगणवाडीत मी तिचं नाव "उन्नती" घातलं होतं, पोज्जे "उंगी" म्हणते. बालकल्याण समितीतल्या एक बाई चष्मा वर करून म्हणाल्या, "दोन नावं आहेत. दोन मुली तर नाहीत ना?"

मग मी बोलले. तू ओळखतोस मला. मी म्हणाले, ही बाई सात-आठ वर्षांची असताना बस्तरमधलं तिचं गाव पेटवलं गेलं. एका बाजूचे म्हणत तुम्ही त्यांचे, दुसऱ्या बाजूचे म्हणत तुम्ही यांचे. ती आईच्या बोटाला धरून राज्य ओलांडून पळाली. तिकडे मिरची तोडली, तिथूनही हाकललं, आता ती वणीत भाकरी थापते. तुमच्या कागदावर ती "स्थलांतरित मजूर" आहे. जणू हौसेने गाव बदललं! निर्वासित व्हायला देशाची हद्द ओलांडावी लागत नाही, साहेब. या बायकांनी हद्द ओलांडली नाही, हद्दच यांच्या अंगावरून गेली.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, भाषण छान झालं. कागद आणा."

तर कागद तू आहेस. पोज्जेला, देवेला, कोसीला मिरचीच्या शेतांतून वणीला, आपल्या हॉटेलात आणलंस तू. त्यांची भाषा येते तुला. उंगी आईच्या अंगावर पीत होती तेव्हापासून पाहणारा, शपथेवर सांगू शकणारा आणि सहीला किंमत असणारा माणूस तुझ्याशिवाय एकही नाही. पुढची तारीख दहा डिसेंबर. ये.

आठ मार्चचा तो माईक तुझ्या मनात अजून वाजतो आहे, मला ठाऊक आहे. माझ्याही वाजतो. भरल्या सभेत तू वायर उपटलीस आणि तसाच बसस्टँडवर गेलास. त्याबद्दल आपण भांडू, सविस्तर भांडू. मी माघार घेतलेली नाही. पण आधी लेकरू.

तुझी आजी बाजेवर बसून तूर निवडते आहे. काय लिहितेस म्हणाली. सांगितलं. तर म्हणाली, "त्याले लिव्ह, माय मेली म्हून. मंग येईन लवकर." मी म्हटलं, खोटं कसं लिहू? "तं लिव्ह, आजी मेली. थे दोन-चार वर्सांत खरं होऊन जाईन."

वाट पाहते.

आई


वणी, २७ नोव्हेंबर

संघर्ष,

पहिलं पत्र पोचलं असेल असं धरून चालते. उत्तर नाही, तेही धरून चालते.

काल उंगीची भेट मिळाली. पोज्जे आणि मी पहाटेच्या गाडीने गेलो. बालगृह स्वच्छ आहे, हे आधी लिहिते, नाहीतर तुला वाटेल मी कारण नसताना तिखट मीठ लावते. अधीक्षिका सांगलीकडच्या आहेत, नवीन बदलून आलेल्या, आवाज मऊ. मुलांना "बाळा, असं करू नगं" म्हणतात. वाईट बाई नाही. वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं.

जाळीच्या पलीकडे उंगीला आणलं. केस बारीक कापलेत. अंगात कुणाचा तरी मोठा फ्रॉक. आईला पाहिलं आणि तिने जाळीवर दोन्ही हात आपटले, "जावा! जावा!" पोज्जेने जाळीतून बोटं घातली तर ती बोटं धरून ओढायला लागली, रडून लाल झाली, आणि तेच, "जावा, जावा."

अधीक्षिका मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, बघितलं न्हवं? लेकरूच म्हणतंय, जावा. रोज जेवायला बसवलं की ताट ढकलतंय आन् आम्हालाबी जावा म्हणतंय. घाबरलंय काहीतरी. आईला बघून इतकं रडतंय म्हणजे काय समजायचं आम्ही? आता थोडे दिवस भेट नको." त्यांनी तसा शेरा मारला. "मुलीने आईला भेट नाकारली."

मी वाद घातला. चार वर्षांच्या मुलीच्या एका शब्दावर असा निष्कर्ष काढता येत नाही, हे मी पाच प्रकारे सांगितलं. पण संघर्ष, शब्द मीही ऐकला. आपण वऱ्हाडातली माणसं "जा" म्हणतो, "जाय" म्हणतो, जावा कुणी म्हणत नाही. मला वाटलं, बालगृहात शिकली असेल, अधीक्षिकेच्या तोंडून. इतक्या दिवसांत लेकरू तेवढंच मराठी शिकलं असेल.

येताना पोज्जे खिडकीशी बसली होती. अर्ध्या वाटेवर मी तिला म्हटलं, "पोज्जे, धीर धर." तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. कालपासून ती मराठी बोललेली नाही. समजतं तिला सगळं. चार नंबरला दोन भाकरी म्हटलं की चार नंबरला दोन भाकरी जातात. पण तोंडातून मराठी शब्द नाही. दोन वर्षं घासून घासून जी भाषा मी तिला दिली, ती तिने उष्टं ताट सारावं तशी सारून ठेवली.

तू म्हणशील, बरं झालं. हॉटेलात मराठीच बोलायचं, हा माझा नियम तुला कधी पटला नाही. तुला वाटतं मी त्यांची जीभ कापते. मला वाटतं मी त्यांना हत्यार देते. कोर्टात, कचेरीत, दवाखान्यात त्यांच्या भाषेला खुर्ची नाही. ती मिळेल तेव्हा मिळेल, त्यासाठी मी भांडेनही, पण तोवर काय मुक्याने मरायचं? आपल्या पणज्यांना बोलायची बंदी होती. आपण बोलायला लागलो तेव्हा माणसं झालो. मी तरी अशीच माणूस झाले.

म्हणून सकाळचा तो रिवाज. हॉटेल उघडायच्या आधी प्रत्येकीने गल्ल्यापुढे उभं राहायचं, मान वर, आणि मोठ्यानं सांगायचं: माझं नाव अमुक, माझं गाव अमुक, आज मी अमुक केलं आहे. देवे सांगते, कोसी सांगते. दोघी मिरचीच्या शेतावरच्या वस्तीचं नाव सांगतात, तेही चालवून घेते. पोज्जे दोन वर्षं एकच म्हणत आली, "माझं नाव पोज्जे. माझं गाव वणी. आज मी भरीत केलं." मी म्हणायचे, वणी नाही, तुझं गाव. ज्या गावातून हाकललं त्याचं नाव तूच घेतलं नाहीस, तर ते गाव नकाशातून पुसणारे जिंकले. ती हसायची आणि भाकरीकडे वळायची. आठ मार्चला मी तिला स्टेजवर उभं करून तेच विचारत होते. तू वायर उपटलीस.

अजूनही म्हणते, माझं चुकलं नव्हतं. पण ते मला आत्ता सिद्ध करायचं नाही. मला मूल परत हवं आहे.

ये ना.

आई


वणी, २ डिसेंबर

संघर्ष,

हे पत्र घाईत आहे, अक्षर लागलं नाही तर परत वाच.

आज सकाळी मी स्वयंपाकघरात गेले. पोज्जे मोठ्या पातेल्यात काहीतरी ढवळत होती. मी म्हटलं, "काय करून राह्यली वं?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "जावा."

मला झोंबलं. माझं हॉटेल, माझी चूल, आणि मला म्हणते जावा! मी म्हटलं, "जाते बाई." पदर झटकला आणि बाहेर जाऊन हातपंपाजवळ उभी राहिले. मनात भाषण सुरू झालं होतं: कृतघ्नपणा, वर्गभेद, सगळं. आजी बाजेवरून ओरडली, "काय झालं वं, दीपा? कोनं हाकललं तुले?" मी म्हटलं, पोज्जेने. "मंग बरोबर हाय. तुले हाकलाची थे एकटीच राह्यली होती."

इतक्यात पोज्जे बाहेर आली. हातात वाटी. ती वाटी तिने माझ्यापुढे धरली, आणि म्हणाली, "जावा."

वाटीत आंबील होती.

मी वाटीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मी बोटाने दाखवलं, "हे? हे जावा?" तिने मान हलवली. मी म्हटलं, "उंगी...?" पोज्जे खाली बसली आणि वाटी मातीत ठेवून रडायला लागली. तिला त्या दिवसापासून ठाऊक होतं. ती गाडीत मला तेच सांगत होती. लेकरू आईला जा म्हणत नव्हतं रे. लेकरू उपाशी होतं, आईकडे आंबील मागत होतं.

आपल्या पाटीवर मी "आंबील" लिहिलेलं आहे. तू खडूने वर दुसरा काही शब्द लिहिला होतास, मी पुसला होता, ट्रकवाल्यांना कळणार नाही म्हणून. कुठला शब्द होता ते मी वाचलंही नव्हतं.

मी लगेच अधीक्षिकांना फोन केला. दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाल्या, "ताई, मी सांगलीची हो. मला कसं कळावं?" खरं आहे. मला तरी कुठे कळलं होतं? संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी ज्वारीचं पीठ आणवून स्वतः आंबील केली होती. "दोन वाट्या प्याली. भांडं सोडंना. पुसून चाटलं." रडत होत्या. पण शेरा त्यांना खोडता येत नाही, तो समितीकडे गेला आहे. खुलासा लिहून देते म्हणाल्या, सुनावणीच्या दिवशी ठेवू.

एका शब्दावर इतकं अडलं, पुढे किती शब्द येतील? समिती दुभाषी देणार आहे, पांढरकवड्याकडचे निवृत्त गुरुजी, इकडची गोंडी जाणणारे. पोज्जेची बोली त्यांना कितपत कळेल? तू ये. तू नुसता तिच्याशेजारी उभा राहिलास तरी ती बोलेल. तिकीट काढू नकोस, गाडी कर, घर विकून पैसे देईन. दहा तारखेला सकाळी अकरा. तू आला नाहीस तर तिच्या बाजूने बोलायला फक्त मी असेन.

आई


वणी, १२ डिसेंबर

संघर्ष,

तू आला नाहीस.

मी तुला शिव्या देण्यासाठी कागद घेतला होता. शिव्या पुरेशा आहेत माझ्याकडे, पुस्तकांत वाचून जमवलेल्या. पण जे झालं ते आधी लिहिते, कारण माझ्या आवाजात ते कुणाला सांगता येत नाही. आजी म्हणते, "मायच्या पोटातून माईक घेऊन निंगाली होती, आता काहून बंद पडली?"

परवा आम्ही यवतमाळला गेलो. गाडीत मी पोज्जेला सांगितलं, मराठीत, हळूहळू. म्हटलं, आज मान खाली घालायची नाही. गुरुजी विचारतील, त्यांच्याशी तुझ्या भाषेत बोल. पण एक गोष्ट मराठीत सांग, सगळ्यांनी ऐकावी म्हणून. नाव आणि गाव. खरं गाव. मोठ्यानं. त्यांना वाटतं तू कुठलीच नाहीस, म्हणून तुझं मूलही कुणाचंच नाही. तू कुठली आहेस ते त्यांच्या तोंडावर सांग. ती खिडकीबाहेर बघत होती. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, उंगीसाठी.

मी म्हटलं, उंगीसाठी. हे मी लिहून ठेवते.

गुरुजी सज्जन होते, पण खाकी सफारी घालून आले. त्यांना पाहताच पोज्जे भिंतीला चिकटली. त्यांनी विचारलेलं तिला अर्धं कळत होतं, तिचं त्यांना पाव. अधीक्षिकांनी "जावा"चा खुलासा वाचला. समितीतल्या त्या चष्म्यावाल्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, झालं. वारं फिरलं.

अध्यक्षांनी विचारलं, "बाई, तुझं मूळ गाव कोणतं?"

पोज्जे भिंतीपासून सुटली. टेबलापुढे आली. मान वर केली, गल्ल्यापुढे करतात तशी. दोन आठवडे जी मराठी तिच्या तोंडातून गेली होती ती परत आली. "माझं नाव पोज्जे," ती म्हणाली. "माझं गाव तुमिरपाड." मोठ्यानं. स्वच्छ. खोलीबाहेरच्या शिपायानेही ऐकलं असेल.

मी टाळी वाजवली. समितीच्या खोलीत. थांबवता आलं नाही. दोन वर्षं मी त्या एका शब्दाची वाट पाहिली होती.

अध्यक्ष खूश झाले. म्हणाले, "शाब्बास. आता मार्ग निघाला." बाबूला सांगितलं, बघा कुठल्या जिल्ह्यात येतं. बाबूने मोबाइलवर शोधलं, गुरुजींनी मदत केली, सापडलं. बस्तरकडचं. आणि मग त्यांनी आदेश सांगितला, शांतपणे, चांगलं काम केल्यासारखा. मुलीच्या कुटुंबाचं मूळ गाव कळलं, तर नियमाने मुलीला मूळ जिल्ह्याच्या समितीकडे सोपवायचं. आई असल्याचा दावा, रक्ताची तपासणी, सगळं तिथे. "तिथली समिती बघेल. त्यांना भाषाही येते, मॅडम. तुमचीच तक्रार होती ना भाषेची?"

मी म्हणाले, ते गाव राख आहे! तिथे एक भिंत उभी नाही! ही ज्यांच्यापासून पळाली ते तिथे आहेत! तुम्ही चार वर्षांच्या लेकराला राखेत परत पाठवता? मी काय काय म्हणाले आठवत नाही. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण मी त्या खोलीत केलं असेल. बाबू कागद लावत होता. अपील करता येतं म्हणाले. अपील लागेपर्यंत लेकरू निघून जाईल. अठरा तारखेला एक कर्मचारी बाई तिला नागपूरहून रायपूरला रेल्वेने नेतील, पुढे बसने जगदलपूर.

बाहेर पायऱ्यांवर पोज्जे थांबली. तिला आदेश कळला नव्हता. माझा चेहरा बघून काहीतरी कळलं असावं. मला म्हणाली, मराठीत,

"ताई, मोठ्यानं सांगितलं ना?"

मी हो म्हणाले.

आई


वणी, १५ डिसेंबर

संघर्ष,

आधी दार नीट उघड. हे पत्र तुला देणारी पोज्जे आहे. तिला आत घे, पाणी दे, बसव. मग वाच.

भीमसिंग राठोडच्या ट्रकने ती येते आहे. तू ओळखतोस त्याला, पाटवडीवर रस्सा दोनदा मागून घेणारा. त्याला जगदलपूरचा माल मिळाला आहे. मी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ताई, नाक्यावर इचारलं तं काय सांगू? कोन हाय मनू?" पोज्जे माझ्याआधी बोलली, "बहीण." भीमसिंगने तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "झालं मंग. तुया पोराच्या दारात उभी करतो, मंगच माल खाली करतो." त्यालाही जेवू घाल.

मी तिला अडवलं. तुला खोटं वाटेल, पण अडवलं. म्हटलं, वकील बघते, अपील करते, तू तिकडे जाऊ नकोस, संघर्षला लिहिते, तो उंगीला बघेल. ती पिशवी भरत राहिली. तिने जे ठेवायचं ते ठेवलं आणि मग खाली बसून मला सांगितलं, मराठीत, तुटक तुटक. ते मी तुला तिच्याच शब्दांत लिहिते, माझ्या शब्दांत नाही.

"मी लहान. पळून गेलो तिकडं. रस्त्यावर माणसं विचारायची, कुठल्या गावची? बंदूकवाले. एक म्हातारा बोलला गावाचं नाव. त्याला घेऊन गेले. आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. आई बोलली, गाव पोटात ठेव. मरेपर्यंत पोटात. ताई, तू चांगली. तू बोलली उंगीसाठी. मी काढलं पोटातून."

हे मला ठाऊक नव्हतं. तू मला कधी सांगितलं नाहीस. की सांगितलंस, आणि तेव्हा मी बोलत होते?

उत्तर नको.

आता कामाचं. उंगीला घेऊन येणाऱ्या बाई वीस तारखेच्या आसपास तिथे पोचतील. मुलीला पहिल्यांदा समितीपुढे उभं करतील त्या दिवशी तू आणि पोज्जे तिथे हजर हवेत. उशीर झाला आणि मुलगी एखाद्या बालगृहात गेली की पुन्हा जाळी, पुन्हा शेरे. अधीक्षिकांच्या खुलाशाची प्रत पोज्जेच्या पिशवीत आहे. त्यांनी स्वतःहून आणखी एक चिठ्ठी दिली आहे, त्यात फक्त लिहिलं आहे की मुलगी या बाईला पाहून आंबील मागत होती आणि त्यांच्या मते हीच आई आहे. त्यांना तसं लिहायचा अधिकार आहे की नाही, मी विचारलं नाही. रक्ताच्या तपासणीचा अर्ज पहिल्याच दिवशी दे. तू तिला मिरचीच्या शेतात उंगीला पाजताना पाहिलंस ते शपथेवर लिहून दे. आणि तुमच्या संस्थेत एखादी बाई असेल, त्यांची बोली बोलणारी, तर तिला घे. पोज्जेच्या बाजूला खाकी रंगाचं कुणी उभं राहू देऊ नकोस.

तिच्यावर डोळा ठेव. ते गाव आता कागदावर आहे आणि ती त्या गावची आहे हेही कागदावर आहे. कुणी तिला ओळखलं तर काय होईल, मला विचार करवत नाही. तुझ्या संस्थेला हे सांग. स्पष्ट सांग, पण दार लावून सांग.

मी येणार होते. बॅगही भरली होती. पोज्जे म्हणाली, "ताई नको." का विचारलं तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. रागाने नव्हे रे. तिच्या आईने ठेवला असेल तसा ठेवला. मी बॅग रिकामी केली.

इथलं विचारशील तर, हॉटेल चालू आहे. ट्रकवाले येतात, जेवतात. देवे आणि कोसी सकाळी गल्ल्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. मी काही विचारलं नाही. त्या थोडा वेळ थांबल्या आणि कामाला लागल्या. आजी तूर निवडते. काल माझ्याकडे बघून म्हणाली, "दीपा, काहीतरी बोल वं. घर खायले उठते." मी तिच्याजवळ बसून तूर निवडायला लागले.

तुझं नाव ठेवलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. सगळे म्हणाले, पोराचं नाव संघर्ष ठेवते, वेडी आहे. मला वाटलं होतं संघर्ष केला की माणूस जिंकतोच. हे पत्र लिहिताना मला तेवढी खात्री नाही. तू जिंकशील का ते मला कळत नाही. लेकरू हरवेल का तेही कळत नाही. मी पहिल्यांदा तुला काही सांगत नाही, मागते आहे.

मी तीन पत्रांत तुला ये म्हणाले. आता येऊ नकोस. तिथून हलू नकोस. ती तुझ्यासमोर बसली असेल, पत्र कधी संपतं याची वाट बघत. तिला काय हवं ते तिलाच विचार, तिच्या भाषेत, हळू आवाजात.

पत्र ठेव आता. ऊठ.

आई